मेमरी हीदेखील अमानतच

“मामू, घरी तर व्यवस्थित चालत होता!”

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा माझा भाचा प्रात्यक्षिक परीक्षा देऊन थेट आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले वाक्य. सलाम करायचेही तो विसरला होता. सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहायचा होता : विद्यार्थ्यांची नावे आणि गावे विचारायची, साठवायची आणि यादी छापायची. घरी त्याने तो वीसेक वेळा चालवून पाहिला होता. परीक्षेत मात्र परीक्षकांनी स्वतःचे पूर्ण नाव टाईप केले. यादी बरोबर छापली गेली आणि त्यानंतर अगदी शेवटच्या टप्प्यावर प्रोग्राम धाडकन बंद पडला. परीक्षकांनी विचारले, “चूक कुठे आहे ते दाखव.” त्याला दाखवता आली नाही. मग पुढचा प्रश्न आला, “तूच लिहिला आहेस ना?”

गुण गेले त्याचे त्याला फारसे वाटले नाही. तो शेवटचा प्रश्न मात्र त्याच्या मनाला लागला. रात्री आपांचा फोन आला, “भाईजान, हा म्हणतो मला हा कोर्सच नको. तुम्ही जरा समजवा.”

मी उर्दू-मराठीचा शिक्षक. समजवायचे तर आधी स्वतःला समजले पाहिजे. म्हणून सलग दोन रविवार मी त्याच्याशेजारी बसलो. त्या दोन दिवसांत जे कळले ते आपल्या घरांतल्या मुलांना, विशेषतः संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल असे वाटले. म्हणून या महिन्याचे सदर त्यावर.

भांडीखोलीचा जिम्मेदार

आपल्या अनेक मोहल्ल्यांत जमातीची भांडीखोली असते. शादी, वलीमा, अकीका असला की त्या घरचा माणूस जातो, देगा, पराती, ताटे, कफगीर घेऊन येतो. खोलीचा जिम्मेदार वहीत लिहून घेतो : कोणी नेले, किती नेले. काम झाले की भांडी परत. पुढच्या जुम्म्याला त्याच देगेत दुसऱ्याच्या घरची बिर्याणी शिजते.

संगणकाची मेमरी नेमकी अशीच चालते. प्रोग्रामला काम करताना तात्पुरती जागा लागते. नाव साठवायचे, फोटो उघडायचा, हिशोब मांडायचा, प्रत्येकाला जागा हवी. ही जागा बाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये इंग्रजीचे एक अक्षर मावते असे समजा. जागा मागण्याच्या हुकमाला सी भाषेत ‘मॅलॉक’ म्हणतात आणि परत करण्याच्या हुकमाला ‘फ्री’. हे दोन्ही हुकूम ज्या तयार संचात असतात त्याला सी-लायब्ररी म्हणतात. तीच आपल्या भांडीखोलीची जिम्मेदार.

पण मोहल्ल्याच्या खोलीत भांडी येतात कुठून? शहरातल्या मोठ्या गोदामातून. ते गोदाम म्हणजे लिनक्स, विंडोज, अँड्रॉइड यांसारखी ऑपरेटिंग सिस्टीम. संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम हा एक स्वतंत्र मोहल्ला. गोदाम किरकोळ व्यवहार करत नाही. ते बहुधा 4096 बाइटच्या एकेका पानाच्या हिशोबाने ठोक जागा देते. लायब्ररी ती ठोक जागा घेते आणि आपल्या मोहल्ल्यात दहा बाइट, पन्नास बाइट अशी किरकोळीने वाटते. प्रत्येक वेळी गोदामात धाव घेणे वेळखाऊ असते, म्हणून परत आलेली जागाही लायब्ररी लगेच गोदामात पाठवत नाही. मोकळ्या जागांची एक यादी ठेवते आणि पुढच्या मागणाऱ्याला त्यातूनच देते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. गोदाम जेव्हा एका मोहल्ल्याची जागा दुसऱ्या मोहल्ल्याला देते, तेव्हा ती धुऊन-पुसून देते. जुने सारे मिटवून शून्य करते. नाहीतर तुमच्या बँकेच्या ॲपचा पासवर्ड शेजारच्या गेमच्या हाती लागला असता. मोहल्ल्याच्या आत मात्र भांडी धुतली जात नाहीत. एका घराने परत केलेली जागा, आतल्या खरकट्यासकट, तशीच दुसऱ्या घराला मिळते. धुण्यात वेळ जातो आणि बहुतेक वेळा नवे घर त्यावर आपलेच काहीतरी लिहिणार असते, म्हणून लायब्ररी तो खटाटोप करत नाही.

चोविसाव्या अक्षराचा घोटाळा

आता भाच्याचा प्रोग्राम. त्याने काय केले होते? नावाची अक्षरे मोजली आणि तितकीच जागा मागितली. नाव दहा अक्षरी, तर दहा बाइट. ऐकायला बरोबर वाटते. पण सी भाषेत प्रत्येक शब्दाच्या शेवटी ‘इथे संपले’ असे सांगणारी एक अदृश्य खूण लिहावी लागते, आणि तिलाही एक बाइट लागतो. म्हणजे दहा अक्षरांना अकरा बाइट हवेत. तो एक बाइट मागायचे भाचा विसरला होता.

मग घरी वीस वेळा चालला कसा?

इथे आम्ही दोघेही बराच वेळ अडकलो. उत्तर मिळाले ते मजेशीर होते. लिनक्सवरची नेहमीची 64 बिटची सी-लायब्ररी मागितले तेवढेच मोजून देत नाही. लहान मागण्यांना ती ठरावीक मापांची भांडी देते. सर्वांत लहान भांडे 24 बाइटचे. दहा मागा, पंधरा मागा, हाती 24 येतात. त्याच्या वरचे माप 40 चे. त्यामुळे भाच्याने दहा मागून अकरा वापरले तरी कुणाचे काही बिघडत नव्हते. जिम्मेदार दिलदार होता, म्हणून चूक झाकली गेली.

आता वेगवेगळ्या लांबीची नावे बघा. मोकळ्या जागा धरून 23 अक्षरांचे नाव : 23 मागितले, 24 मिळाले, 24 वापरले. चालले. 25 अक्षरांचे नाव : 25 मागितले, 40 मिळाले, 26 वापरले. तेही चालले. पण नाव बरोबर 24 अक्षरांचे असेल तर? 24 मागितले, 24 च मिळाले आणि वापरले 25. शेवटची खूण भांड्याबाहेर सांडली. वडिलांचे नाव आणि आडनाव धरले की आपल्याकडे 24 अक्षरे सहज होतात. परीक्षकांचे नाव नेमके तेवढे होते.

सांडली ती कुठे? लायब्ररी प्रत्येक जागेच्या दारावर एक चिठ्ठी लावते : ‘ही जागा इतकी मोठी.’ तीच तिची वही. नावाची जागा आणि गावाची जागा भाच्याने आधी शेजारीशेजारी घेऊन ठेवल्या होत्या आणि मग भरल्या होत्या. नावाची सांडलेली खूण गावाच्या चिठ्ठीवर पडली आणि तिथला आकडा पुसला गेला. तरीही प्रोग्राम चालूच राहिला. यादी छापताना ती चिठ्ठी कोण वाचतो? शेवटी गावाची जागा परत करायची वेळ आली, जिम्मेदाराने चिठ्ठी वाचली, आकडा भलताच दिसला, आणि त्याने सारा कारभार तिथेच थांबवला.

म्हणजे चूक नावाच्या ओळीत आणि बोभाटा गावाच्या ओळीत. भाचा परीक्षेत ज्या ओळीकडे टक लावून बघत होता त्या ओळीत काहीही चुकीचे नव्हते. ज्याने सगळे स्वतःच्या हाताने लिहिले आहे त्यालाही ही चूक सापडली नसती. हे मी त्याला समजावले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

खियानतीचे चार प्रकार

मेमरीच्या बाबतीत प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुका मुख्यतः चार. चारही आपल्याला भांडीखोलीतून कळतात.

पहिली : देग आणली आणि परतच केली नाही. याला मेमरीची गळती म्हणतात. एका देगेने खोली रिकामी होत नाही, पण रोज एक अडकत गेली तर एक दिवस वलीमा असलेल्या घराला काहीच मिळत नाही. महिनोन्‌महिने अखंड चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ही गळती फार महागात पडते.

दुसरी : परत केलेल्या देगेत पुन्हा हात घालणे. आता ती दुसऱ्याच्या घरी आहे. तुम्ही आपली समजून त्यात मीठ टाकले तर त्याची बिर्याणी खारट होणार आणि त्याला कारण कधीच कळणार नाही. हल्लेखोरांना सर्वांत जास्त उपयोगी पडणाऱ्या चुकांपैकी ही एक.

तिसरी : एकच देग दोनदा परत केल्याची नोंद. वहीत एकाऐवजी दोन देगा दिसू लागतात आणि एकच देग दोन घरांच्या नावे लिहिली जाते.

चौथी : मापाबाहेर जाणे. भाच्याने केली ती. लिहिताना बाहेर गेलात तर शेजाऱ्याचे नुकसान, वाचताना बाहेर गेलात तर शेजाऱ्याच्या घरात डोकावणे.

अमानत ज्याची त्याला पोहोचवण्याचा हुकूम सूरह निसामध्ये आहे, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. कुरआनमधील सर्वांत लांब आयत, म्हणजे सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि त्याला साक्षीदार ठेवण्याविषयी आहे, हेही आपल्याला ठाऊक आहे. विश्वास असला तरी लिहून ठेवा, कारण माणूस विसरतो. वही आणि साक्षीदार ही संगणकाचीही गरज आहे, हे मला या निमित्ताने प्रथमच कळले. साक्षीदारांकडे आपण पुढे येऊच.

गोदामही उधारीवर चालते

थोडे गोदामाविषयी, कारण ते आपल्या हातातल्या मोबाइलशी जोडलेले आहे. लिनक्स मागणाऱ्याला बहुधा ‘नाही’ म्हणत नाही. ‘घ्या’ म्हणते आणि कागदावर जागा देते. खरी जागा प्रोग्रामने तिला पहिल्यांदा हात लावला की मगच दिली जाते. कारण अनुभव असा की प्रोग्राम मागतात जास्त आणि वापरतात कमी. पण सगळ्यांनी एकाच वेळी आपापला हक्क वसूल करायला घेतला की गोदाम तोंडघशी पडते. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम एक कठोर निर्णय घेते : कोण किती जागा अडवून बसला आहे त्याचा हिशोब करते आणि एखाद्या प्रोग्रामला बंद करून टाकते.

अँड्रॉइड फोनमध्येही अशीच व्यवस्था आहे. तुम्ही एक ॲप उघडे ठेवून दुसरीकडे गेलात आणि परत आल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तर बहुधा जागा कमी पडल्यामुळे फोनने ते मागच्या मागे बंद केलेले असते. त्यामुळे दर पाच मिनिटांनी सगळी ॲप बोटाने सरकवून ‘साफ’ करण्याची जी सवय घराघरांत लागली आहे तिची खरे तर गरज नाही. ते काम फोन स्वतःच करतो.

कुलपामागची उघडी खिडकी

एका बाइटची चूक परीक्षेत गुण घालवते, इथवर ठीक. पण हीच चूक मोठ्या जागी झाली तर काय होते, हे जगाने 2014 मध्ये पाहिले.

इंटरनेटवर बँकेचे किंवा दुकानाचे पान उघडले की काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसते. आपला मजकूर वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून तो गुप्त लिपीत जातो. हे काम करणारी ‘ओपनएसएसएल’ नावाची एक लायब्ररी आहे आणि जगातल्या असंख्य वेबसाईट तिच्यावर विसंबून आहेत. तिच्यात मार्च 2012 च्या आवृत्तीपासून एक नवी सोय आली होती : जोडणी जिवंत आहे ना, हे पाहण्यासाठी एका बाजूने छोटा संदेश पाठवायचा आणि दुसऱ्या बाजूने तोच जसाच्या तसा परत करायचा. पाठवणारा संदेशासोबत त्याची लांबीही सांगतो. जणू दारावर कोणी येऊन म्हणावे, “मी दोन ताटे दिली होती, दोन परत द्या.”

चूक अशी की सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेला मजकूर यांचा मेळ कुणी घालतच नव्हते. एखाद्याने एक अक्षर पाठवून ‘हे 64 हजार अक्षरांचे आहे’ असे सांगितले, तर समोरचा संगणक त्या एका अक्षरापासून पुढे जे काही मेमरीत पडले असेल ते एका वेळी 64 किलोबाइटपर्यंत उचलून देत असे. आणि मोहल्ल्याच्या आत भांडी धुतली जात नाहीत, हे आपण पाहिलेच. त्या खरकट्यात इतर लोकांचे पासवर्ड असत, कधी त्या वेबसाईटच्या कुलपाची मूळ किल्लीही असे. विशेष म्हणजे कुणी हे करून गेले तर मागे सहसा काही खूणही राहत नसे.

7 एप्रिल 2014 रोजी ही गोष्ट जाहीर झाली. गूगलमधील एका अभ्यासकाने आणि फिनलंडमधील एका कंपनीने ती स्वतंत्रपणे शोधली होती. तिला ‘हार्टब्लीड’ हे नाव मिळाले. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे पाच लाख वेबसाईट धोक्यात होत्या. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे 900 नागरिकांचे ओळख क्रमांक याच खिडकीतून चोरले गेले. आणि हेही उघड झाले की ज्या लायब्ररीवर एवढे मोठे जग विसंबून होते तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. वापरणारे लाखो, सांभाळणारा एक. आपल्या मोहल्ल्यांतल्या सामाईक कामांची आठवण व्हावी असेच हे चित्र.

यात आणखी एक धडा आहे, आणि तो थेट मेमरीच्या देवघेवीचा आहे. काही ऑपरेटिंग सिस्टीम या बाबतीत फार कडक असतात. ‘ओपनबीएसडी’ ही त्यांपैकी एक. तिची लायब्ररी परत आलेल्या जागेला कुलूप लावते किंवा तिच्यात मुद्दाम कचरा भरते, काही जागांच्या शेजारी कुंपण घालते. कुणी मापाबाहेर हात घातला की प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडण्याची शक्यता वाढते. पण ओपनएसएसएलने काही संगणकांवर मॅलॉक हळू चालतो म्हणून स्वतःचे वेगळे कपाट केले होते. परत आलेली जागा ती खोलीत जमा न करता आपल्याच कपाटात ठेवी आणि पुन्हा वापरी. त्यामुळे कडक जिम्मेदाराच्या नजरेला काही पडतच नव्हते. ओपनबीएसडीच्या मंडळींनी या गोष्टीवर कडाडून टीका केली.

त्यांच्यापैकी एकाने ते कपाट बंद करून पाहिले, तर लायब्ररीच नीट चालेना! आत एका ठिकाणी जागा परत करून लगेच पुन्हा घेतली जात होती आणि जुना मजकूर त्यात जसाच्या तसा मिळेल असे गृहीत धरलेले होते. कपाटामुळे तो नेहमी मिळतही होता. दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या.

न रागावणारा, पण न सोडणारा साक्षीदार

मग अशा चुका पकडायच्या कशा? यासाठी काही खास साधने आहेत. ‘व्हॅलग्रिंड’ हे त्यांपैकी नावाजलेले. 2002 पासून ते सर्वांना मोफत उपलब्ध आहे. त्याच्या देखरेखीखाली प्रोग्राम चालवला की ते प्रत्येक बाइटची नोंद ठेवते : ही जागा घेतली का, हिच्यात काही भरले का, ही परत केली का. प्रोग्राम दहा ते पन्नास पट हळू चालतो, पण चूक जिथे झाली तिथेच बोट ठेवले जाते. गूगलमध्ये तयार झालेले ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ हे दुसरे साधन. ते प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टा आखते आणि परत आलेली जागा काही काळ बाजूला ठेवून देते. त्याने वेग साधारण निम्मा होतो, इतकेच.

दुसऱ्या रविवारी आम्ही भाच्याचा तोच प्रोग्राम व्हॅलग्रिंडखाली चालवला. नाव दिले केवळ पाच अक्षरी, जे घरी नेहमी ‘व्यवस्थित’ चालत होते. पडद्यावर लगेच ओळ आली : पाच बाइटच्या जागेच्या लगेच पुढे एक बाइट लिहिला गेला आहे, अमुक ओळीत. नेमकी तीच ओळ. भाचा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “मामू, म्हणजे हा पहिल्या दिवसापासून चुकलेलाच होता. फक्त कुणी सांगत नव्हते.”

पण साक्षीदार असला म्हणजे झाले असेही नाही; त्याची साक्ष समजून घ्यावी लागते. याचा दाखलाही त्याच ओपनएसएसएलमध्ये आहे, हार्टब्लीडच्या कितीतरी आधीचा. 2006 मध्ये ‘डेबियन’ या लिनक्सच्या एका प्रकारासाठी काम करणाऱ्यांना व्हॅलग्रिंड सतत तक्रार देत होते की ही लायब्ररी न भरलेली जागा वाचते आहे. तक्रार दोन ओळींबाबत होती. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच होत्या. दोन्ही काढून टाकल्या आणि तक्रार थांबली. सगळे शांत झाले.

त्यांतली एक ओळ खरोखर किरकोळ होती. दुसरी मात्र लायब्ररीचा प्राण होती. गुप्त किल्ल्या बनवताना जो बेभरवशाचा, कुणाला ओळखता न येणारा आकडा लागतो, तो तिच्यातून आत येत होता. ती गेल्यावर उरला फक्त प्रोग्रामचा चालू क्रमांक, ज्याच्या शक्यता होत्या 32,767. ज्या किल्ल्या जगाच्या अंतापर्यंत शोधून सापडू नयेत, त्या आता एक साधा संगणक एकेक करून तपासू शकत होता. 13 मे 2008 रोजी हे जाहीर झाले, तोवर सुमारे दोन वर्षे डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूवर लोक अशाच किल्ल्या बनवत होते. त्या सगळ्या फेकून नव्या कराव्या लागल्या.

साक्षीदार खोटे बोलला नव्हता. त्याचे म्हणणे पूर्ण न ऐकता त्याला गप्प केले गेले.

आता काय बदलते आहे

या चुकांचा पसारा किती मोठा, याचा एक आकडा देतो. दरवर्षी आपण सुरक्षेच्या ज्या त्रुटी दुरुस्त करतो त्यांतल्या सुमारे 70 टक्के मेमरीच्या चुकांतून आलेल्या असतात, असे मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये सांगितले. क्रोम ब्राउझर बनवणाऱ्यांनीही पुढच्या वर्षी आपल्या गंभीर त्रुटींबाबत जवळपास हाच आकडा दिला.

शाळेत मुले जी पायथन किंवा जावा शिकतात त्या भाषांत जागा परत करण्याचे काम भाषा स्वतःच पाहते. जिला आता कुणी विचारत नाही अशी जागा ती शोधून जमा करते. ‘रस्ट’ नावाची नवी भाषा आणखी वेगळी वाट धरते. तिथे प्रत्येक जागेचा एका वेळी एकच मालक असतो, बाकीचे उसने घेणारे. कुणी किती काळ उसने घेतले आहे, हे प्रोग्राम चालण्याआधीच तपासले जाते आणि हिशोब जुळला नाही तर प्रोग्राम तयारच होत नाही. सी भाषेतले काम मात्र जगात अफाट आहे आणि ते अजून बराच काळ राहणार आहे. म्हणून ती शिकणाऱ्या मुलांनी घाबरून पळू नये.

पालकांना आणि मुलांना

घरात कुणी सी किंवा सी प्लस प्लस शिकत असेल तर त्याच्यापर्यंत एवढे पोहोचवा. प्रत्येक मॅलॉक लिहिताच त्याचा फ्री कुठे होणार हे त्याच वेळी ठरवा. नावाची अक्षरे मोजली की एक मिळवा. जागा परत केली की तिच्याकडे पुन्हा वळू नका. प्रोग्राम ‘चालला’ म्हणून थांबू नका. व्हॅलग्रिंड किंवा ॲड्रेस सॅनिटायझरखाली एकदा चालवा, दोन्ही विनामूल्य आहेत. सर्वांत लहान, सर्वांत मोठे आणि अगदी काठावरचे नाव देऊन पाहा. आणि साधनाने तक्रार केली तर ती घालवण्याआधी तिचा अर्थ लावा.

मला स्वतःला एक गोष्ट टोचली. वर्गात एखाद्या मुलाचे उत्तर रीत चुकूनही बरोबर आले की मी पूर्ण गुण देऊन पुढे जातो. तो खूश, मीही मोकळा. पण ही त्या 24 बाइटच्या भांड्यासारखी दिलदारी आहे. चूक झाकली जाते, मिटत नाही. मग ती भलत्याच दिवशी, भलत्याच ओळीवर, परक्या माणसासमोर उघडी पडते. तेव्हा त्या मुलाला आपले कुठे चुकले तेही सांगता येत नाही. मुहासबा म्हणजे स्वतःचा हिशोब स्वतः घेणे. तो रोजच्या रोज आणि घरच्या माणसांसमोर झाला तर परीक्षकासमोर मान खाली घालायची वेळ येत नाही.

भाच्याने कोर्स सोडलेला नाही. पुढच्या सत्रात त्याला ते प्रात्यक्षिक पुन्हा द्यायचे आहे. परवा आपांकडे गेलो होतो. त्याने प्रोग्राममध्ये तो एक बाइट वाढवला होता आणि त्या ओळीशेजारी स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती : ‘शेवटच्या खुणेची जागा. अमानत.’ मग त्याने परीक्षकांचे ते 24 अक्षरी नाव टाईप केले. यादी छापली, सगळी जागा परत केली आणि प्रोग्राम शांतपणे संपला.

“मामू,” तो म्हणाला, “आता त्यांनी विचारले ना चूक कुठे होती, तर सांगेन.”

इन्शा अल्लाह, सांगेल.